उधाणाची वाट पाहताना

कंत्राट मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा पनवेलच्या आमच्या ऑफिसात पेढे वाटले गेले. टेंडर जिंकणारी मंडळी दुसऱ्या दिवशीच पुढच्या टेंडरला लागली आणि फाइल माझ्या टेबलावर आली. विमानतळावर धावपट्टीच्या दिव्यांच्या केबल टाकायच्या, त्यांच्या जोडणीचे जमिनीखालचे चेंबर बांधायचे. वेळापत्रक, परवानग्या, माणसं, सगळं आता मी बघायचं. मला वाटत होतं, अवघड भाग तर उरकला.

साइटवरचे आमचे सुपरवायझर पन्नाशीतले होते, विमानतळात जमिनी गेलेल्या गावांपैकीच एका गावचे. मी जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला, तशी त्यांनी हद्दीच्या भिंतीजवळच्या चार चेंबरवर बोट ठेवलं.

"ताई, हितं नको. उधानाला पानी वर येतंय."

"भराव टाकलाय ना, काका?"

"भराव वरून टाकलाय. पानी खालून येतंय. आमची खाचरं होती हितं."

मंजूर नकाशात चेंबर चार हात सरकवायचं तरी पत्र, खुलासा, सल्लागाराची सही, पुन्हा पत्र. मी दोन दिवस टाळलं. मग लिहिलंच, कारण काकांचं ते 'पानी खालून येतंय' डोक्यातून जात नव्हतं.

विमानतळाच्या बाजूने काम तपासणारे इंजिनिअर विदर्भातले, फार काटेकोर. त्यांनी फोनवर विचारलं, "माती-परीक्षणाच्या अहवालात तर पाणी बरंच खाली आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सुपरवायझरनी. तिथं त्यांचं शेत होतं."

"खड्डा खणा. मी येतो बघायला."

दिवस काकांनी ठरवला, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. खड्डा कोरडा ठणठणीत. आम्ही तिघं एका छत्रीखाली त्यात बघत उभे. वेळ जाईना, म्हणून इंजिनिअरनी विचारलं, इथं काय पिकायचं?

"भात. आन् बांधाच्या कडंला चिंबोऱ्या."

त्यांनी चिंबोरी कधी खाल्ली नव्हती. काका खेकड्याची नांगी कशी फोडायची ते हातवारे करून दाखवू लागले. वाटण कसं करायचं इथवर आले, तोच इंजिनिअर म्हणाले, "थांबा." खड्ड्याच्या तळाची माती काळी पडली होती. मग ती चमकली. बघता बघता तळाला पाणी साचलं. इंजिनिअर कडक इस्त्रीच्या पँटनिशी गुडघ्यांवर बसले आणि टेप आत सोडली.

"अजून किती चढेल?"

"घोट्याच्या वर. गुडघ्यापर्यंत नाय."

तसंच झालं.

चारही चेंबर उंच जागी हलले. वेळापत्रक लांबलं, आमचे साहेब आठवडाभर माझ्याशी तुटक बोलले. नव्या नकाशात बदलाचं कारण लिहायचा एक रकाना असतो. मी लिहिलं, 'जागेच्या पूर्वीच्या शेतकऱ्याने दिलेल्या माहितीवरून.' असलं काही त्या रकान्यात चालत नाही, हे मला ठाऊक होतं. इंजिनिअरनी ते खोडलं नाही. पुढे फक्त 'व प्रत्यक्ष पाहणीवरून' असं जोडलं.

रकान्यातल्या त्या ओळीचं कळल्यावर काकांना नकाशाची प्रत हवी होती. विमानतळाचे नकाशे बाहेर देता येत नाहीत, हे सांगताना मला ओशाळल्यासारखं झालं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तेवढी वळ वाचून दाखवा."

मी वाचली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला लावली, आणि मग केबलचा ट्रक आलाय म्हणून ते गेटकडे निघून गेले.