पिसवांचे वैरी अप्पा

पिसवांची जितकी माहिती आमच्या घरमालकांना होती तितकी सबंध सोलापुरात दुसऱ्या कोणाला नसेल, आणि ती सगळी त्यांनी केवळ चार मांजरांच्या मायेपोटी गोळा केली होती. दुष्काळ नुकताच सरला होता. माझ्या यजमानांची बदली सोलापूरला झाली आणि सहा महिन्यांच्या लेकीला घेऊन आम्ही या घरमालकांच्या पुढच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. घरमालक कापडगिरणीत टाइमकीपर होते, आता निवृत्त, मूलबाळ नाही, बायको जाऊन बरीच वर्षे झालेली. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची. आमचे सामान दाराशी उतरले तेव्हा ते उंबऱ्यात हात आडवा धरून उभे राहिले. "गाद्या आत न्यायच्या न्हाईत. आदी वर पत्र्यावर टाका. चार तास उन्हं खाऊ द्या." आमच्या गाद्या स्वच्छ आहेत, असे मी जरा दुखावून म्हणाले. "असतील की," अप्पा शांतपणे म्हणाले, "पण पिसूला ते कुटं कळतंय?" चार तास आम्ही ओट्यावर बसून राहिलो. त्यांनी आम्हाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली, आणि घड्याळात चार तास भरल्यावरच गाद्या खाली आल्या.

मांजरांची नावे गिरणीतली होती. दिवसभर मागावरच्या धोट्यासारखा इकडून तिकडे फिरणारा तो धोटा. पहाटे साऱ्या गल्लीला उठवणारा भोंगा. म्हातारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात, ती ताई, कारण ती आधीपासूनच ताई होती. आणि सुताच्या कांडीसारखी गुंडाळी करून झोपणारी लहानगी पांढरी ती कांडी. अप्पा माणसांशी मराठी बोलत आणि मांजरांशी कानडी. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "मराठी त्यांना कळती, पण ऐकत न्हाईत." सकाळी सात वाजता ते ओट्यावर बसत, "बा इल्ली" म्हणजे इकडे ये, एवढेच म्हणत, आणि चौघे एकामागून एक मांडीवर येत. मग उवांची लाकडी फणी मानेपासून शेपटीपर्यंत फिरे. फणीत पिसू सापडली की शेजारच्या साबणाच्या पाण्याच्या वाटीत बुडे. गल्लीच्या टोकाला गवळ्याचा गोठा होता. धोटा तिथून कानामागे गोचीड घेऊन येई. ती काढताना अप्पा चष्मा लावत, चिमटा अगदी कातडीला टेकवत आणि सरळ, सावकाश ओढत. "पिळायचं न्हाय, जाळायचं न्हाय, वर तेल ओतायचं न्हाय," ते मला सांगत. जणू उद्यापासून हे खाते माझ्याकडे यायचे होते.

त्यांचा खरा सिद्धान्त मात्र वेगळा होता. "पिसू मांजरावर जेवायला येती, ऱ्हायला न्हाय," ते म्हणत. ऱ्हायला ती अंथरुणात, फरशीच्या फटीत. म्हणून प्रत्येक मांजराला स्वतःची जुनी सोलापुरी चादर होती आणि दर सोमवारी त्या चारही चादरी पातेल्यात उकळत. उकळलेल्या चादरी दोरीवर वाळत घातल्या की येणारेजाणारे विचारत, एवढे पाहुणे आलेत का. अप्पा व्हय म्हणत आणि पुढचे काही सांगत नसत. फरशीच्या फटी चुन्याने भरलेल्या. अंथरुणाखाली वाळलेला कडुनिंबाचा पाला. कोणी कापराचे, लसणाचे, कसल्या तेलाचे औषध सुचवले की ते एकच प्रश्न विचारत. "मांजर अंग कशानं पुसतं?" आणि स्वतःच उत्तर देत. "जिभेनं. मग तुमी लावलेलं जातं कुटं?"

हे सगळे मला तोंडपाठ होते. तरीही व्हायचे ते झालेच. पावसाळ्यात आठ दिवस सूर्य दिसला नाही आणि आमच्या खोलीत पिसवा झाल्या. लेकीच्या पोटऱ्यांवर लाल पुरळ उठले. रात्रभर ती किरकिरायची. त्यातच करकंबहून सासूबाई आल्या. त्यांनी पाळण्याखाली गुंडाळी करून झोपलेली कांडी पाहिली आणि म्हणाल्या, "पोरगी पाहिजे का मांजर, ते ठरवा." दुसऱ्या दिवशी यजमानांनी शेतातल्या किडीवर मारायची पावडर आणली. अप्पांना काय सांगायचे ते आम्हाला सुचेना, म्हणून काहीच सांगितले नाही. ते दाढी करायला गेले तेवढ्या वेळात मी कांडीला धरले आणि मूठभर पावडर तिच्या पाठीवर चोळली. ती माझ्या हातातून सुटलीसुद्धा नाही. तिला वाटले असेल, ही फणीच.

दुपारी चारच्या सुमाराला तिच्या तोंडातून लाळ गळू लागली. पाय थरथरत होते. अप्पांनी तिला उचलले, नाकाशी नेले, आणि थेट न्हाणीघरात गेले. कोमट पाण्याने, साध्या साबणाने त्यांनी तिला दोनदा धुतले, चादरीत गुंडाळले आणि टांगा करून जनावरांच्या दवाखान्यात नेले. परत आले तेव्हा अंधार पडत होता. "डॉक्टर म्हणले, धुतलं ते बरं झालं. आता वाट बघायची," एवढेच ते म्हणाले. तीन दिवस ते तिच्याजवळून हलले नाहीत. सकाळची सातची फणी चुकली. बाकीची तिघे ओट्यावर येऊन बसायची आणि उठून जायची. मी स्वयंपाक उरकला की जाऊन बसे. कापसाच्या बोळ्याने तिच्या तोंडात दूध पिळत असे. सांगावे, असे दर वेळी ओठांवर येई आणि दर वेळी मी दुसरेच काही बोले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने बोळा चावून धरला. अप्पांनी चष्मा काढला आणि बराच वेळ धोतराच्या टोकाने पुसत राहिले.

चौथ्या दिवशी ते आमच्या दारात आले. "बाई, बाळाचे पाय बघू." पुरळ त्यांनी निरखून पाहिले, आणि मग आमची खोली रिकामी केली. पाळण्यातली झोळी, गोधड्या, पडदे सगळे उकळले. ऊन नव्हते, म्हणून परटाकडून कोळशाची इस्त्री आणून गाद्यांच्या शिवणीशिवणीवरून फिरवली. फटीतली माती सळईने कोरून काढून चुना भरला. रोज सकाळी स्वतः झाडून केर चुलीत टाकला. सासूबाई आधी नाक मुरडून बघत होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्या त्यांच्या हाताखाली काम करू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात लेक रात्रभर झोपली. सासूबाई करकंबला परतताना अप्पांना नमस्कार करून गेल्या. कांडीला मात्र त्यांनी लांबूनच पाहिले.

दोन वर्षांनी आमची बदली झाली. सामान भरून झाले होते. लेक ओट्यावर धोट्याची शेपटी धरून उभी होती. मी अप्पांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळे सांगून टाकले. पावडर, दाढीची वेळ, सगळे. 

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. "तिला उचललं तवाच वास आला. तुमच्या हातालाबी दोन दिवस येत होता."

"मग बोलला का नाहीत, अप्पा?"

"बोललो असतो तर तुमी लाजून तिच्याजवळ आला नसता. आन् ती दूध तुमच्याच हातचं घेत होती."

त्यांनीच मग माझी पिशवी उचलून बाहेर आणली.

त्यानंतर त्यांची पोस्टकार्डे माझ्या नावाने येत. शाईच्या पेनाने, हजेरीपटासारख्या सरळ ओळींत. पहिल्या ओळीत लेकीची चौकशी असे, मग पावसाची, मग मांजरांची क्रमवार. शेवटच्या कार्डात लिहिले होते की कांडीला तीन पिल्ले झाली आहेत, दोन दांडगट आहेत, गोठ्याकडे पळतात. "तिसरी सारखी माझ्या उशाशी येऊन बसती, बोलत कायच न्हाय. तिला तुमचं नाव ठेवलंय. राग मानू नये." यजमानांनी ते मोठ्याने वाचले आणि खूप हसले. मी कार्ड त्यांच्या हातातून घेतले आणि स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा एकदा वाचले.