बंद करण्याआधी विचारणारा दादूस

कोणतंही दार लावण्याआधी आत हाक मारायची, ही दादूसची खोड होती. ऑफिसचं शटर असो नाहीतर वीतभर स्टोअररूम, "आत कोन हाय का रे?" असं ओरडून तो उत्तराची वाट बघायचा. एकदा त्याने फ्रिजलाही विचारलं होतं. आम्ही हसायचो. तोही हसायचा, पण हाक चुकवायचा नाही.

हे घरातूनच आलेलं. दादूस नायगावच्या खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातला. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधातल्या उघाडीची, म्हणजे पाण्याच्या दाराची, फळी खाली सोडावी लागते. सोडणाऱ्याने आधी हाक द्यायची, कारण चरात कोणीतरी मासे धरत असतं. बाबांनी लावलेली ही सवय त्याने फुलपाड्यातल्या आमच्या चिमुकल्या कंपनीतही सोडली नाही. तो तिथला मुख्य प्रोग्रामर, मी त्याच्या हाताखाली.

आमचं अ‍ॅप वाचा गेलेल्या माणसांसाठी होतं. तुम्ही टाइप करा, फोन मोठ्याने बोलतो. दर महिन्याची वर्गणी आपोआप कापली जायची. ती संपली की आवाज बंद. पण "संपली" हे ओळखायचं कसं, यावरून दादूसचं आणि कंपनीच्या मालकीण असलेल्या मॅडमचं कायम वाजायचं. मॅडम म्हणायच्या, तारीख उलटली की लगेच कुलूप. लोक फोनची तारीख मागे करून फुकट वापरतात, ही काय धर्मशाळा आहे? दादूसचं म्हणणं, "संपलं त्याचं बंद करा, मी कुठं नाय म्हनतो? पन संपलं का, ते फोनला नका इचारू. जिथं पैशे भरले त्या दुकानाला इचारा." दुकान म्हणजे फोनमधलं, जिथून अ‍ॅप घेतात ते.

मॅडमनी काही ऐकलं नाही. मग एका दुपारी सांडोरहून एका बाईंचा फोन आला. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांच्या आईचा आवाज गेला होता. "पैसे कापलेत, तरी वर्गणी संपली म्हणून दाखवतंय. उद्या माझ्या मुलीचं लग्न आहे हो. आईला नातीशी चार शब्द बोलायचेत."

"चला, तुमीच बघा," दादूस मॅडमना म्हणाला. आम्ही तिघं गेलो. आजी फोन मांडीवर धरून केळीच्या वाडीतल्या ओट्यावर बसल्या होत्या. दादूसने लॅपटॉप उघडला आणि दोष सापडला. नव्या महिन्याची पावती झाली की दुकानाच्या सर्व्हरवरून एकदाच निरोप यायचा. नेमकं तेव्हा आजींच्या फोनला नेट नव्हतं. निरोप हुकला आणि अ‍ॅप जुन्या पावतीवर अडून बसलं. त्याने स्वतःहून कधी विचारलंच नव्हतं.

दादूसने तिथेच ओट्यावर बसून बदल केला. अ‍ॅपने उघडताना दुकानाकडे ताजी पावती मागायची, आजची तारीखही दुकानाचीच धरायची. नेट नसेल तर कुलूप लावायचं नाही. बँकेत कार्ड अडकून पैसे कापले गेले नसतील तर थोडे दिवस आवाज चालू ठेवून सांभाळून घ्यायचं. "कार्ड अडकलं म्हंजे मानूस सोडून गेला असं नसतं, बाय," तो मला म्हणाला.

आजींनी टाइप केलं. मॅडमकडे वळवलेला फोन खणखणीत आवाजात बोलला, "पैसे घेता आणि तोंड बंद करता?"

मॅडमनी हात जोडले. आजींनी पुन्हा टाइप केलं, "बसा. चहा घ्या." दुसऱ्या दिवशी त्या नातीशी पोटभर बोलल्या, असं लेकीने नंतर कळवलं.

गेल्या वर्षी दादूस हार्ट अटॅकने गेला. अजून चाळिशीही गाठली नव्हती. मी फार रडले. जे काही काम येतं ते मी त्याच्या खुर्चीशेजारी बसून शिकले होते. पुढे काही आठवड्यांनी मॅडमनी मला बोलावलं. "ते सांभाळून घ्यायचे दिवस आता काढून टाक. फार लोक गैरफायदा घेतात."

मॅडमसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. "नाही काढणार मॅडम," मी म्हणाले. "पूर्ण खात्री झाल्याशिवाय कोणाचा आवाज बंद करायचा नाही."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे आता तुझ्या तोंडून दादूसच बोलणार?"

"हो."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "बोलू दे."