नागेंद्र सरांचा सोडियम

सोडियम पाण्यावर नाचतो, हे नागेंद्र सरांनी दहावीच्या तीसेक तुकड्यांना सांगितलं होतं, आणि असं सांगितलं होतं की ऐकणारं पोरगं घरी जाऊन आपणच पाहून आल्यासारखं आईला सांगे. सर टेबलामागून पुढे येत, दोन्ही हात पसरत, बोटं थरथरवत आणि सुरू होत, "पडला की वितळला! वितळला की गोळी झाली! गोळी झाली की पळाली! हितनं तिकडं, तिकडनं हिकडं, सुर्रर्र, सुर्रर्र, आणि मग भडाक!" भडाकला टेबलावर थाप पडे. पहिल्या बाकावरची पोरं दरवर्षी दचकत. थोरल्या भावंडांनी घरून सावध करून पाठवलेली पोरंसुद्धा दचकत.

यातली एकच बारीक गोष्ट सरांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. हा नाच त्यांनी स्वतः पाहिलेला नव्हता.

दोष खो-खोचा. सर बेळगावच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होते तेव्हा ज्या दिवशी प्रयोगशाळेत सोडियम पाण्यात पडला, त्या दिवशी ते धारवाडला आंतरमहाविद्यालयीन सामन्यात खांबाला वळसा घालत होते. परत आले तेव्हा दोस्तांनी सगळं वर्णन करून सांगितलं. भडाकसकट. सरांनी ते जसंच्या तसं उचललं, त्याला स्वतःचे हातवारे जोडले, आणि त्यावर अख्खी नोकरी काढली.

ती नोकरी बेळगुंदीच्या पलीकडे, जिथं बेळगावची बस वळून परत फिरते, त्या गावच्या हायस्कुलात. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. कपाटात चार परीक्षानळ्या, थोडं मोरचूद, लिटमसचे कागद आणि रॉकेल भरलेली एक काळी बाटली. बाटलीत सुपारीएवढा सोडियमचा एकच खडा. तपासणीला साहेब येत, चष्म्यावरून पाहत कानडीत विचारत, "सोडियम इदे?" सर म्हणत, "इदे, सर," म्हणजे आहे. साहेब खूण करत आणि चहाला जात. आता असलेला खडा वापरला तर पुढच्या साहेबाला "इदे" कसं म्हणायचं? म्हणून सोडियम वापरायचा नसे. दाखवायचा असे. सर बाटली उजेडात धरून वर्गभर फिरवत, "बघून घ्या. ह्यो सोडियम." पोरं ओरडत, "टाका की सर!" सर बाटली कपाटात ठेवत आणि तोंडानं सोडियम पाण्यात टाकत.

बाटलीतलं रॉकेल कमी झालं की शिपाई रवळू भर घाली. पुढे रेशनचं रॉकेल बंद झालं. गावानं गॅस घेतला, पण सोडियमला गॅस चालण्यासारखा नव्हता. मग रवळू चंदगडकडच्या पाहुण्यांकडून बाटलीभर रॉकेल आणू लागला. कर्नाटक सरकारच्या दप्तरी असलेला तो खडा अशा रीतीनं महाराष्ट्राच्या रॉकेलवर जगत होता, आणि सीमाभागात याचं कुणालाही नवल वाटलं नाही.

कपाटात काही नाही म्हणून सरांनी रसायनशास्त्र मैदानावर नेलं. विस्थापनाचा धडा आला की शिट्टी. सल्फेटची पोरं रांगेत बसलेली, त्यांच्यात एक तांबं बसलेलं. मागून लोखंड पळत येई आणि तांब्याच्या पाठीत "खो!" लोखंड खाली बसे, तांब्यानं उठून बाहेर व्हायचं. लोखंडाला जस्त खो देई, जस्ताला मॅग्नेशियम. सोन्याचा खो मात्र कुणालाच लागू पडत नसे. मागं उभं राहून ते घसा फोडून ओरडे आणि रांगेतलं कुणी ढिम्म हलत नसे. हे एकदा भर उन्हात पाहिलेलं पोरगं पुढे कुठल्याही परीक्षेत चुकत नसे.

दुसरा खेळ रेणूंचा. सर ओरडत, "पाणी!" की एका ऑक्सिजनला दोन हायड्रोजननी येऊन चिकटायचं. यात सुरुवातीलाच एक पेच पडला. पोरींचे हात पोरं धरीनात आणि पोरांचे पोरी. पाणी होईचना. नुसता हायड्रोजन एकीकडे आणि नुसता ऑक्सिजन दुसरीकडे, मान खाली घालून. सरांनी दुसऱ्या दिवशी घरच्या गोठ्यातून म्हशींची जुनी दावी आणली. एक टोक त्यानं धरायचं, एक टोक तिनं. पाणी झालं. मग काही वर्षं त्या गावची पोरं उत्तरपत्रिकेत लिहून येत, 'ऑक्सिजनच्या रेणूत दोन दावी असतात.' कुठल्या तरी दूरच्या गावी बसून पेपर तपासणाऱ्यांनी याचा काय अर्थ लावला असेल कोण जाणे, पण मार्क मिळत.

खेळातली नावं तर गावाला कायमची चिकटली. कुणाचाच हात न धरणारा शामू निऑन झाला. तो आता बसमध्ये कंडक्टर आहे, दोन पोरांचा बाप आहे, तरी म्हातारी माणसं "निऑन, एक बेळगाव दे" म्हणूनच तिकीट मागतात. दोन्ही हातांत दोन दोन दावी पेलणारी दांडगी रुक्मा कार्बन झाली. आता ती रुक्माबाई आहे, शाळेत दुपारचं जेवण रांधते, आणि तिची मुलगी रूपाली दहावीत सरांच्याच पुढ्यात बसते.

यंदा सरांचं शेवटचं वर्ष. मे महिन्यात निवृत्ती. गुडघे त्याच्या आधीच निवृत्त झाले होते, त्यामुळे खो-खोचं रसायन खुर्चीत बसून शिट्टीवर चालायचं. तेवढ्यात शाळेत स्मार्ट बोर्ड आला. त्याच्या पाठोपाठ तो चालवणाऱ्या स्वराली मॅडम आल्या. बेळगावच्या, चटपटीत, स्कूटरवरून येणाऱ्या. त्यांनी बोर्डावर बोट लावलं आणि पडद्यावर एक निळं तळं उघडलं. बाजूला धातूंचे चौकोन. बोटानं सोडियम ओढायचा, पाण्यात सोडायचा. भडाक! पडद्यावर ज्वाळा, बोर्डातून आवाज, आणि खाली एक बटण, 'पुन्हा सुरू करा'.

वर्ग वेडा झाला. एकानं मुठीएवढा सोडियम टाकला, दुसऱ्यानं बादलीभर. तिसऱ्यानं लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम यांची शर्यत लावली. मागच्या बाकावरून पैजा लागल्या. सर दारात उभे राहून पाहत होते. त्यांना बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि कुठलं जास्त ते काही केल्या कळेना. सुपारीएवढ्या खड्यावर तीस तुकड्या काढलेल्या माणसापुढे ही पोरं तळीच्या तळी उडवत होती.

शाळा सुटल्यावर सर बोर्डापाशी गेले. इकडे तिकडे पाहिलं. बोटानं सोडियम ओढला. भडाक. सर हसले. परत टाकला. मग बोट काही थांबेना.

"सर, हाय स्कोर करायलाय काय?"

मागे रूपाली उभी. डबा विसरली होती.

"न्हाय गं, तपासून बघायलो. बरोबर हाय का चूक."

"मग? हाय बरोबर?"

"हाय की."

"खरा पण असाच उडतोय? तुमी बघितलाय न्हवं?"

आजवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. त्यांच्या हातवाऱ्यांनंतर तो विचारायची कुणाला गरजच पडली नव्हती.

"जा, तुझी बस चुकंल," सर म्हणाले.

"सर, मी ह्याच गावची हाय."

"मग आई वाट बघंल. जा."

त्या रात्री जेवताना त्यांनी ताटातल्या आमटीत मिठाचा खडा टाकला आणि तो विरघळेपर्यंत पाहत बसले. बायको मंगल म्हणाली, "मीठ कमी हाय तर सांगा, असं रुसून काय बसतासा?" पण सरांचं ठरलं होतं. मे महिन्याच्या आत तो खडा पाण्यात पडलेला पाहायचा. एकदा तरी. भीती फक्त एकच होती. इतक्या वर्षांत खडा मेला असला तर? आत नुसती पांढरी माती निघाली तर? मग आयुष्यभर आपण मातीलाच "इदे" म्हणत आलो!

मुख्याध्यापिका विनोदिनीबाईंनी ऐकून कपाळाला हात लावला. "सर, आता बोर्डावर दिसतंय की. पोरांच्या डोळ्यात गेलं म्हणजे?"

"पोरं लांब उभी करतो, बाई."

"आणि तुम्ही?"

"मला जवळ उभारायचंय, म्हणून तर चाललंय."

तोंडातून निघून गेलं. बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि काय ओळखायचं ते ओळखलं. स्वराली मॅडम मध्येच म्हणाल्या, "बाई, करू दे ना सरांना. मी पण खरा कधी पाहिला नाहीये. आम्हाला कॉलेजात व्हिडिओच दाखवला." त्यांनी ते इतकं सहज सांगितलं की सर चकित झाले. हे असं सांगता येतं?

शनिवारी सकाळी, काजूच्या मोहोराचा वास मैदानावर पसरलेला असताना, दहावीचा वर्ग फक्कीच्या रेघेमागे उभा राहिला. वेल्डिंगवाल्या आण्णाप्पाचा चष्मा सरांच्या डोळ्यांवर होता. त्यातून अर्धंच दिसत होतं म्हणून मॅडमनी तो काढून सरांना आपला प्लॅस्टिकचा घातला. रुक्माबाईनं काठ उडालेली पांढरी परात आणून ठेवली. आत हळद कालवलेलं पाणी, कारण आम्ल-आम्लारी ओळखायला, लिटमसचे कागद सोडले तर, दर्शक म्हणून शाळेकडे तेवढंच होतं.

"सर, परात मला परत नको हां," रुक्माबाई म्हणाली. "ह्यात पोरांचं तांदूळ निवडाय मी काय येडी न्हाय."

सरांनी चिमट्यानं खडा बाहेर काढला. तो करड्या पुटानं माखलेला होता, जुन्या चुन्याच्या गोळीसारखा. टिपकागदावर ठेवून त्यांनी सुरी लावली. वरचं कवच खरखरलं, आणि मग सुरी थंडीतल्या लोण्यात जावी तशी आत गेली. आत चांदी! लखलखीत, ओली वाटावी अशी. बघता बघता ती मळकी झाली, पण सर्वांनी पाहिली.

"जिता हाय!" रवळू ओरडला. त्याच्या रॉकेलचं सार्थक झालं होतं.

सरांनी मसुरीच्या दाण्याएवढा तुकडा कापला, टिपून घेतला, परातीवर धरला. "तयार?" "होऽऽ!" तुकडा सुटला. त्याच क्षणी अख्खा वर्ग रेघ ओलांडून पुढे सरकला, आणि सरांच्या अंगातला मास्तर जागा झाला. गर्रकन वळून त्यांनी दोन्ही हात पसरले. "मागं! मागं व्हा रं! ए, रेघंच्या मागं!"

मागे सुर्रर्र आवाज येत होता. समोर पोरांचे डोळे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे पळत होते. मग ते थांबले.

"संपला," कुणीतरी म्हणालं.

"भडाक कुठाय?"

"सर, भडाक झालंच न्हाय!"

"सर," रूपाली म्हणाली, "तुमी बघितलाच न्हाय!"

मागून रुक्माबाईचा आवाज आला, "व्हय की गं! आमी सोडियम बघितला आन् सरांनी आमचीच थोबाडं बघितली." हसण्याचा असा फुगा फुटला की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला लोंबकळली. सरही हसले, पण ओशाळे हसले. विनोदिनीबाई रेघेपाशी आल्या. त्यांनी पदर खोचला आणि स्वराली मॅडमना म्हणाल्या, "तुम्ही पोरांना त्या टोकाला धरा, मी इकडे. सर, दुसरा तुकडा कापा. आणि ह्या बाजूला बघायचं नाही. पोरं माझी."

सरांनी तुकडा कापला. परातीपासून हातभर अंतर ठेवून ते गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि चिमटा सोडला.

तुकडा पाण्यावर पडला आणि खरोखरच वितळला. गोळी झाली, पाऱ्यासारखी, मोत्यासारखी. आणि पळाली. इथून तिथे, काठाला आपटून परत, स्वतःभोवती गिरकी घेत, सुर्रर्र करत. दोस्तांनी सगळं बरोबर सांगितलं होतं. एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती, आणि ती त्या बोर्डावरही नव्हती. गोळी जिथून जाई तिथे हळदीच्या पिवळ्या पाण्यावर तिच्या मागे लाल रेघ उमटत होती. जणू कुणी कुंकवाचं बोट बुडवून घाईघाईनं काहीतरी लिहीत होतं, आणि लिहिलेलं पसरत, मिसळत, अख्खी परात लाल करत चाललं होतं. भडाक नव्हताच. त्याची गरजही नव्हती.

वर्गात कधी वावगा शब्द न उच्चारलेले, 'गाढव'सुद्धा 'अहो गाढव' म्हणणारे नागेंद्र सर वाकलेले ते वाकलेलेच राहिले आणि त्यांच्या तोंडून निघालं,

"आयला!"

दहावीचा वर्ग अक्षरशः लोळला. विनोदिनीबाईंनी काजूच्या झाडांकडे तोंड फिरवलं आणि त्यांचे खांदे हलू लागले. सरांना यातलं काहीच ऐकू आलेलं नव्हतं. ते अजून परातीकडे पाहत होते, आणि मागे न वळता, हात मागे करून, सुरी मागत होते.