निम्म्यावर उमटणारं अक्षर

आमच्या थोरल्या साडूंइतकं संशयी गिऱ्हाईक पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत दुसरं नसेल. हे मी नातलग म्हणून सांगत नाही, त्यांच्यासोबत दुकानांमध्ये तासन्‌तास उभा राहिलेला साक्षीदार म्हणून सांगतो. माणसांवर त्यांचा विश्वास चटकन बसतो. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ते घरी जेवायला घेऊन येतील. पण त्याच माणसाने त्यांना कुकर विकायला काढला, तर आधी झाकण कानाशी धरून वाजवून बघतील. चप्पल घ्यायची म्हणजे एका पायात नवी आणि दुसऱ्यात जुनी घालून ते दुकानाबाहेर सिग्नलपर्यंत चालत जातात आणि दुकानदार काळजीच्या चेहऱ्याने पायरीवर उभा राहतो. गादी घेताना तर ते शोरूममध्ये आडवे झाले आणि खरोखरच घोरायला लागले. तिथला विक्रेता हुशार होता. त्याने त्यांना उठवलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यांच्याकडे बोट दाखवून तसल्याच दोन गाद्या विकल्या. पुनावळ्यात फ्लॅट बघायला गेलो तेव्हा बिल्डरचा माणूस पोहण्याचा तलाव आणि जिम यांचं वर्णन करत होता, आणि साडू डोळे मिटून एकेक दार उघडून लावत होते. "बाथरूमचं दार खोटं बोलायलंय," एवढंच ते म्हणाले. राहायला आल्यावर चार महिन्यांत ते दार बिजागरीसकट ताईंच्या हातात आलं.

ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, आणि साडू म्हणजे तिचे यजमान. माणूस मूळचा लातूरकडचा. विसाव्या वर्षी एक वळकटी घेऊन भोसरीला आला आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये पत्रा कापायच्या पॉवर प्रेसवर लागला. आठ वर्षं प्रेस चालवली. मग एक दिवस डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून, आणि मधलं बोट निम्मं, त्या प्रेसखाली गेलं. हे मला माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, आणि तेही विनोद करून. "लोकांची साडेसाती साडेसात वर्षांत सुटते हो. माझी बोटंच साडेसात. मला जन्मभराची." मी हसावं की नाही या विचारात पडलो, तोवर ते स्वतःच मोठ्याने हसून मोकळे झाले.

प्रेसवरून उठवल्यावर ते टायपिंग शिकले. साडेसात बोटांचा माणूस टायपिंगच्या क्लासला नाव घालतो, हेच मला आधी खरं वाटेना. पण त्यांनी आपली स्वतःची पद्धत बसवली आणि आज वीसेक वर्षं ते चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचच्या टेबलावर आहेत. माल भरलेली गाडी बाहेर पडायची, तर तिची चलनं आणि बिलं आधी त्यांच्या बोटांखालून जातात. त्या टेबलाचा त्यांना जो अभिमान, तो एखाद्या गडाच्या किल्लेदाराला शोभावा. "माझ्या अक्षराशिवाय एक बी गाडी हायवेला लागत नाही," असं ते म्हणत, आणि ते अगदी खरं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ते मारुंजीला आमच्या घरी आले. मी हिंजवडीत नोकरी करतो आणि निम्मं काम घरूनच. चहा घेता घेता, हवापाण्याविषयी बोलावं तसं ते म्हणाले, "मला गेटवर बसवायलेत बहुतेक."

"गेटवर? का?"

"नवीन सॉफ्टवेअर आलंय. आधी गाडीत माल चढेपर्यंत निवांत बिल मारायचो. आता माल चढला, गाडी समोर उभी राहिली की मगच सगळं भरायचं. बोट दुखतंय. हात थांबला की बाहेर रांग लागते. साहेब भला माणूस आहे. म्हणाला, गेटवर रजिस्टर सांभाळा, हलकं काम आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "एकदा प्रेसवरून उठवलं, साडूभाऊ. आता टेबलावरून."

दुखणं कसलं, ते त्यांनी पुढे सांगितलं. ऑफिसचा कीबोर्ड साधा, रबरी. त्याचं बटण तळाला टेकेपर्यंत दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही. डाव्या हाताची बरीच बटणं त्या निम्म्या बोटाच्या वाट्याला आलेली. त्यात एकचा आकडासुद्धा. आणि आमच्याकडच्या गाड्यांचे नंबर एमएच चौदाने सुरू होणारे. म्हणजे दर गाडीमागे एक कळ ठरलेली.

बोलता बोलता ते माझ्या टेबलापाशी गेले. माझा कीबोर्ड मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच आणि स्विचमध्ये स्प्रिंग असलेला. तोही टकटक वाजणाऱ्या निळ्या स्विचचा. माझ्या बायकोच्या मते मी कामाला बसलो की शेजारी पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटतं. साडूंनी एक बटण हळूहळू दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग पडद्याकडे बघून त्यांचे डोळे मोठे झाले.

"अहो, हे तळाला टेकायच्या आधीच उमटायलंय की! निम्म्यावरच!"

त्या दिवशी आपल्याला पहिला मेकॅनिकल कीबोर्ड घ्यायचा, हे त्यांचं ठरलं. मला वाटलं, पुढच्या रविवारपर्यंत काम होईल. साडूंना बारा वर्षं ओळखून मला असं वाटलं, याची आज लाज वाटते.

मी त्यांना समजावलं की मुख्य जाती तीन. निळा स्विच दाबताना टक असा आवाज करतो. तपकिरी आवाज करत नाही, पण निम्म्यावर बोटाला एक बारीक उंचवटा लागतो. आणि लाल गुळगुळीत. ना आवाज, ना उंचवटा, सरळ खाली. मग त्यांच्यासाठी नमुन्याची एक पट्टी मागवली. नऊ निरनिराळे स्विच लावलेली, हातभरही नाही, वीतभर. ही पट्टी पुढचे तीन महिने त्यांच्या शर्टाच्या खिशात राहिली. कंपनीच्या बसमध्ये त्यांनी ती पुढच्या-मागच्या बाकावरच्या सगळ्यांना दाबायला लावली. सोसायटीच्या वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, दातांच्या डॉक्टरीणबाईंना, आणि तेही स्वतःचं तोंड उघडं असताना, हातवारे करून. ताई सांगत होत्या की देवपूजा करताना त्यांनी एका हाताने घंटी वाजवली आणि दुसऱ्याने निळा स्विच, कुणाचा आवाज शुद्ध हे बघायला. चिंचवडच्या एका दुकानात आम्ही सकाळी गेलो. दुपारपर्यंत त्या दुकानदाराने दोनदा चहा पाजला, स्वतःच्या मुलीसाठी आलेलं स्थळ कसं आहे याबद्दल साडूंचा सल्ला घेतला, आणि आम्ही काहीच न घेता निघालो तेव्हा तो आम्हाला रिक्षापर्यंत पोचवायला आला.

दर रविवारी निकाल बदलायचा. निळा पसंत पडला, पण शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं डोकं उठेल म्हणून बाद. तपकिरी पसंत पडला, पण आठ दिवसांनी तोही मनातून उतरला. लालवर मात्र पहिल्या दिवसापासून काट. "हा गुमान खाली जातो," ते म्हणाले. "न सांगता खाली जाणारी वस्तू आपल्याला नको." मी ते नेहमीच्या शेऱ्यांपैकी एक समजून सोडून दिलं.

इकडे ऑफिसात दुखणं वाढत होतं. साहेबांनी पुढच्या महिन्यापासून गेटचं नक्की करू, असं सांगितलं होतं. ताईंचा माझ्या बायकोला फोन आला: "ह्यांना म्हणावं कुठला तरी एक घ्या. घरी येऊन हात गरम पाण्यात घालून बसतात, आणि मला बघू देत नाहीत."

त्या रविवारी साडू पुन्हा पट्टी घेऊन बसले आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं, की तीन महिन्यांत त्यांनी एकदाही डाव्या हाताने स्विच दाबलेला नाही. सगळी परीक्षा धडधाकट उजव्या हाताची चालली होती. डावा हात मांडीवर, त्यावर रुमाल. आणि मग हेही लक्षात आलं की तो हात नेहमीच कशाच्या तरी आड असायचा. खिशात, पिशवीखाली, वर्तमानपत्रामागे. बोटांवर ते इतके विनोद करायचे, पण मी तो हात कधी नीट पाहिलेलाच नव्हता.

"साडूभाऊ," मी म्हणालो, "दुखतंय ते बोट डाव्या हाताचं आहे. त्याने दाबून बघा ना."

ते थांबले. पट्टी खिशात घातली. "चहा झाला की आपला. निघतो मी." आणि निघालेच. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता आणि माझी बायको माझ्याकडे बघत होती. मी नको ते बोललो होतो, की हवं तेच चुकीच्या तऱ्हेने, ते मला कळेना.

पुढचे दोन रविवार ते आले नाहीत. तिसऱ्या रविवारी दुपारी बेल वाजली. आत आले, खुर्चीत बसले, रुमाल घडी करून बाजूला ठेवला आणि डावा हात टेबलावर ठेवला. मी पाणी आणायला म्हणून उठत होतो. "बसा," ते म्हणाले. "तुमच्यादेखतच बघायचंय. एकट्यानं दोनदा बसलो. जमलं नाही."

निम्म्या बोटाचं टोक तुळतुळीत, लालसर होतं. निळ्यावर ठेवलं, दाबलं, चेहरा आवळला. तपकिरीवर ठेवलं, तो बारीक उंचवटासुद्धा त्या टोकाला टोचला. एकेक करत सगळे झाले. पट्टीच्या टोकाला एकच उरला; सर्वांत हलक्या स्प्रिंगचा लाल. त्यावर त्यांनी बोट नुसतं टेकवलं आणि ते अलगद खाली गेलं. साडूंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"दुखलं?"

"नाही." त्यांनी बोट पुन्हा त्याच लालवर टेकवलं. मग म्हणाले, "हेच दुखत नाही."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं त्यात एकही विनोद नव्हता. प्रेसचं पेडल पायाने दाबलं की ती एकदा खाली यायची, पत्रा कापून वर जायची. पाय काढला की थांबायची. ती मशिन जुनी झाली होती, अधूनमधून पाय काढल्यावरही दुसऱ्यांदा खाली यायची. तिथले लोक त्याला 'डबल मारते' म्हणत. हे सगळ्यांना माहीत होतं. "त्या दिवशी मी पाय काढला होता, साडूभाऊ. कापलेला जॉब काढायला हात घातला. आवाज नाही, काही नाही. नुसती खाली आली. मालकानं कागदावर लिहिलं, कामगाराचा पाय पेडलवर होता. मला कुणी विचारलंच नाही. मी बी सही केली." त्यांनी हाताकडे बघितलं. "ताईला तुमच्या अजून वाटतं, माझीच चूक होती."

मला फक्त यंत्राचं बोलता येत होतं. मी म्हटलं, "हा स्विच आपणहून खाली येत नाही. तुम्ही दाबाल तेवढाच."

"खात्री?"

मग आम्ही स्विच काढता-घालता येतील असा कीबोर्ड मागवला, आणि साडूंनी त्यावर बोटांप्रमाणे बटणांची वाटणी केली. धडधाकट बोटांखाली तपकिरी, निम्म्या बोटाखाली सगळे हलके लाल. ज्या दिवशी जोडणी झाली, त्या दिवशी त्यांनी कोरी फाइल उघडून त्या बोटाने एकचा आकडा शंभर वेळा दाबला. प्रत्येक वेळी मोठ्याने मोजून. मग चष्मा लावून, पडद्यावर पेन्सिलचं टोक फिरवत, उमटलेले एक मोजले. शंभर होते. त्यांनी पुन्हा मोजले.

"एकदा बी डबल मारला नाही," ते हळूच म्हणाले.

जुना झाल्यावर असा स्विच कधीकधी एकदा दाबून दोनदा उमटवतो, हे मला ठाऊक होतं. सांगावं की नाही, असा क्षणभर विचार केला आणि सांगून टाकलं. मला वाटलं होतं, आता सगळं परत पहिल्यापासून. पण ते शांतपणे म्हणाले, "मग तेव्हा बदलू. यंत्र म्हटलं की म्हातारं होणारच हो. वेळेवर बदलत नाहीत, तिथं बोटं जातात."

तो कीबोर्ड साडूंनी ऑफिसच्या टेबलावर नेऊन लावला, आणि गेटवर मग दुसऱ्या कुणाला बसवलं. साडू ताईंशी काय बोलले, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. रविवारी ते आता क्वचित येतात. निवडायचं काही उरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते तीन महिने अधूनमधून आठवतात.

मागच्या महिन्यात मी एका लग्नासाठी राजगुरुनगरला चाललो होतो. ताईंनी वाटेत चाकणला साडूंना द्यायला डबा दिला होता. डिस्पॅचच्या खोलीला मोठी काच आहे. बाहेर चार गाड्या उभ्या, खिडकीशी एक ड्रायव्हर घाई करत वाकलेला, आणि आत साडू. मान सरळ, नजर पडद्यावर, आणि दोन्ही हात टेबलावर. सगळी बोटं पळत होती, एक दुसऱ्याची वाट न बघता, आणि चेहऱ्यावर असं काही होतं जे दुकानांमध्ये मी कधी पाहिलं नव्हतं. एक गाडी सुटली, दुसरी पुढे आली. अठ्ठावीस वर्षांचा तो माणूस प्रेसवर कसा दिसत असेल, ते मला त्या काचेतून पहिल्यांदा दिसलं. मी हाक मारली नाही. डबा वॉचमनकडे दिला आणि माझी गाडी हायवेला लावली.