छत्तीस तारांचं चाक

दौलतगंजातले शिवाजीराव इंगळे दमले होते. आजचेच नव्हे, गेली तीन-चार वर्षं. सकाळी उठायचे तेच दमलेले, आणि दुकानाचं शटर वर ढकलेपर्यंत दिवसभराचं काम उरकल्यासारखं वाटे. पूर्वज फौजेत घोड्यावर होते म्हणे. शिवाजीराव सायकलीवर आले आणि तिथेच थांबले. पंचेचाळीस वर्षं त्यांनी चाकं बांधली, तीही बहुतेक दूधवाल्यांची. मुरारपलीकडच्या खेड्यांतून दोन्ही अंगांना दुधाने भरलेल्या टाक्या लटकवून खड्ड्यांतून येणाऱ्या त्या माणसांना कसलं चाक हवं, हे त्यांच्याइतकं शहरात कुणाला कळत नव्हतं. मग दूधवाले मोटरसायकलवर गेले आणि शिवाजीरावांकडे पंक्चरं उरली.

त्यांचा एक हट्ट मात्र बाजारभर माहीत होता. नवं चाक बांधलं की गाडीवर पाण्याने भरलेल्या दोन टाक्या चढवायच्या आणि स्वतः पाटणकर बाजारातून फेरी मारून यायची. ओझ्याखाली चाकाच्या तारा, म्हणजे स्पोक, जागेवर बसतात, एखादी कुरकुरते. ती ऐकायची, कसायची, आणि मगच चाक गिऱ्हाइकाच्या हवाली करायचं. गिऱ्हाईक घाईत असलं तर त्याने खुशाल दुसरं दुकान बघावं.

एका शनिवारी त्यांची लेक शिखा भलंमोठं चपटं खोकं घेऊन दुकानात आली. शिखा थाटीपुरच्या शाळेत भूगोल शिकवते. तिची आई मंदाताई गेल्यापासून घरात बाप आणि लेक, दोघंच. पोरीने सहा आठवड्यांची रजा टाकली होती. सायकलवर सामान लादून ती एकटी कन्याकुमारीला निघणार होती, येत्या शुक्रवारी.

"आबा, नवीन व्हील्स आलेत. एकदम हलके आहेत, देखो तो सही."

शिवाजीरावांनी मागचं चाक हातात घेतलं. खरंच हलकं होतं. काळं कुळकुळीत, रुबाबदार, आणि तारा मोजून वीस.

"सामान किती नेणार?"

"पच्चीस किलो. तंबू, स्टोव्ह, पाणी, सगळं पकडून."

"हे शर्यतीचं चाक आहे, बेटा. रिकाम्या गाडीचं. तुझं वजन, सामान, सगळं मागच्याच चाकावर येतं. विसातली एक तार तुटली की चाक नागमोडी होऊन फ्रेमला घासतं, जागच्या जागी बसायचं. छत्तिसातली तुटली तर पुढच्या गावापर्यंत तरी जाता येतं."

"मग तुम्ही बनवून द्या ना."

"मी ते काम सोडलंय."

"दूधवाल्यांसाठी इतके बनवले. माझ्यासाठी कधी बनवलात एक पण?"

खरंच बनवलं नव्हतं. घरच्या सायकलीला कायम गिऱ्हाइकाने टाकून दिलेली चाकंच लागत आली होती, आणि पोरीने कधी तोंडातून शब्द काढला नव्हता.

सोमवारी त्यांनी दोन्ही चाकांसाठी जाड रिमा आणि छत्तीस भोकांचे मधले हब आणले. आधी मागचं चाक घेतलं. सवयीने सगळ्या तारा एका मापाच्या कापल्या, ओवल्या, कसायला घेतल्या. अंगठा ठणकत होता. दर आठ-दहा तारांनंतर हात मांडीवर ठेवून बसावं लागे. संध्याकाळी पाहतात तो रिम मध्यावर यायला तयार नाही. उजवीकडच्या तारांचे आटे संपले, तरी चाक डावीकडेच.

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःचीच लाज वाटली. दूधवाल्याच्या गाडीला गिअर नसतात. तिथे दोन्ही बाजूंना एकच माप चालतं. शिखाच्या गाडीला उजवीकडे गिअरच्या दातेरी चकत्यांची चळत बसायची, म्हणून त्या बाजूच्या तारा जराशा आखूड हव्यात. जन्मभराच्या सवयीने घात केला होता.

ते चाक मांडीवर घेऊन बसून राहिले. खरं सांगायचं तर पोरीने जाऊ नये, असंच त्यांना वाटत होतं. आता नुसतं म्हटलं असतं, 'हातात जोर राहिला नाही गं, जमत नाही,' तरी कदाचित शुक्रवार टळला असता. आणि ते काही खोटंही नव्हतं. पण मग ती तीच विसाची चाकं लावून निघाली असती. हट्टाला ती इंगळ्यांचीच होती.

मंगळवारी त्यांनी छत्तीसच्या छत्तीस तारा उलगडल्या. उजवीकडच्या नव्याने कापल्या. बुधवारी रिम मध्यावर आली. तारांच्या जोड्या मुठीत धरून दाबताना दोनदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते निव्वळ अंगठ्यामुळे. पुढचं चाक त्यामानाने निमूट झालं.

गुरुवारी सकाळी दुकानं उघडायच्या आत शिखाने गाडी रस्त्यावर काढली.

"टाक्या कुठे आहेत आबा?"

"कधीच भंगारात दिल्या. आणि माझ्या गुडघ्याने आता फेरी होते का?"

"म्हणजे तुमचा रूल माझ्या वेळीच कॅन्सल? असं नाही चालणार. मी चालवते, तुम्ही बसा मागे."

"अगं, चोपन्न किलो आहे मी!"

"अच्छा है ना. सामानाच्या डबल."

दूधवाल्याचं एक जुनं लोखंडी कॅरिअर माळ्यावर होतं, ते तिने खाली काढून कसलं. शिवाजीराव कुरकुरत, लोक काय म्हणतील ते मोजत, एकदाचे बसले. पाय लोंबकळत होते. गटाराच्या झाकणावरून गाडी धाडकन गेली आणि खालून टणटण आवाज आला. त्यांनी गाडी थांबवायला लावली, खिशातून तारा कसायची चावी काढली, रस्त्यातच उकिडवं बसून दोन तारा कसल्या आणि पुन्हा चढून बसले. पाटणकर बाजार ओलांडेपर्यंत एकही तार बोलली नाही.

"काय म्हणतं चाक?" शिखाने धापा टाकत विचारलं.

अजूनही 'नाही' म्हणता आलं असतं. त्यांनी समोर तिच्या घामेजलेल्या पाठीकडे पाहिलं. किती वर्षांत त्यांना असं कुणी वाहून नेलं नव्हतं.

"पक्कं आहे," ते म्हणाले. "उद्या जा तू."

पुढच्या वळणाशी तिने वेग कमी केला. मग तिने विचारलं, "वळवू परत?"

"दमलीस का?"

"नाही."

"मग अजून थोडं पुढे ने," शिवाजीराव म्हणाले.