फोनमधलं वॉरंट

पोलादपूर तालुक्यातली एक बेपत्ता नोंद नोकरीतून बाहेर पडल्यावरही माझ्या मनातून गेलेली नाही. खून, चोऱ्या, घाटातले अपघात, असं बरंच काही हाताखालून गेलं आणि त्यातलं पुष्कळसं आता धूसर झालं आहे. ही नोंद मात्र जशीच्या तशी आठवते. नावं सांगत नाही, कारण ती माणसं आजही तिथेच राहतात.

मी तेव्हा पोलादपूरला ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी होऊन गेली होती, भातं कापून खळ्यात आली होती. सकाळची हजेरी आटोपून मी बीट अंमलदारांशी बोलत होतो, तेवढ्यात डोंगरातल्या एका वाडीवरची बाई पुतण्याला घेऊन ठाण्यात आली. वय साठीच्या आसपास. गुडघे धरत धरत पायऱ्या चढली. तिचा नवरा आदल्या पहाटे घरातून निघून गेला होता आणि परतला नव्हता.

हा नवरा म्हणजे त्या वाडीच्या गावकीचा अध्यक्ष. सगळे त्यांना आप्पा म्हणत. तरुणपणी मुंबईत एका छापखान्यात नोकरी केली, मग गावी येऊन शेती धरली. वाडीतले तंटे ठाण्यापर्यंत येऊ न देणारा माणूस, त्यामुळे माझ्या बीट अंमलदारालाही ते चांगले माहीत होते. व्यसन नाही, घरात भांडण नाही.

"भाताची झोडणी अर्धी टाकून गेलेत, साहेब," बाई म्हणाली. "असा माणूस नाय तो. कामाला हात घातला की पुरं केल्याशिवाय जेवायचा नाय."

मी नोंद घेतली, वर्णन वायरलेसवर दिलं, शेजारच्या ठाण्यांना फोटो पाठवला. आप्पांचा मोबाईल बंद होता आणि शेवटचं ठिकाण त्यांच्याच गावच्या टॉवरचं दिसत होतं. बीट अंमलदार घरी जाऊन आला तेव्हा फोन सापडला. जुन्या लुगड्यात गुंडाळून भाताच्या कणगीत खोलवर खुपसला होता.

इथे प्रकरणाला वेगळा वास येऊ लागला. माणूस फोन विसरून जातो, पण कणगीत लपवून जात नाही. दुसऱ्या कुणी लपवला असेल तर घातपात नाकारता येत नव्हता. चौकशीत कळलं, की पुतण्याशी आप्पांचा शेताच्या बांधावरून वाद चालू होता. हा पुतण्या तिशीतला. मुंबईत काही वर्षं गाडी चालवून परत आलेला. पहिल्या दिवसापासून चुलतीच्या मागे मागे होता, पण माझ्या नजरेला नजर देत नव्हता. अशा माणसावर संशय घेणं आम्हाला शिकवलेलंच असतं.

दरम्यान कोकण रेल्वेच्या वीर स्टेशनवरच्या एका रिक्षावाल्याचा फोन आला. महाडचा मुसलमान गृहस्थ, वय झालेला. आम्ही पाठवलेला आप्पांचा फोटो फिरत फिरत त्याच्या मोबाईलवर आला होता.

"साहेब, हा माणूस माझ्याच रिक्षात बसलेला. वीरला गाडी पकडायची म्हणाला. स्टेशनात शिरला आणि लगेच बाहेर आला. आत रेल्वेचा पोलीस उभा होता, त्याला बघून आला. मी म्हटलं, चाचा, गाडी चुकेल. तर म्हणाला, गाडी नको. आणि महाडच्या रस्त्याला पायी चालू लागला."

"पोलिसाला बघूनच फिरला, हे कशावरून?"

"पन्नास वर्षं माणसं बघतोय, साहेब. पंचा तोंडावर ओढला त्यानं."

म्हणजे आप्पा जिवंत होते, आपल्या पायाने गेले होते आणि पोलिसांना टाळत होते. का, ते कळेना. त्यांच्या नावावर साधा अदखलपात्र गुन्हाही नव्हता. मी जीप महाडच्या आसपास फिरवली. धर्मशाळा, देवळं, नदीकाठ, सव गावचे गरम पाण्याचे झरे, सगळीकडे गणवेशातली माणसं पाठवली. कुठेच काही हाती लागलं नाही.

मग पुतण्याला बोलावलं. खोलीत तो, मी आणि जबाब लिहायला आमची एक महिला शिपाई. बांधाच्या वादाबद्दल विचारलं तर सगळं सरळ सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी विषय बदलला.

"आप्पांशी शेवटचं काय बोलणं झालं?"

चौकशीत माणूस खोटं बोलू लागला की त्याचे शब्द वाढतात. हा मात्र गप्प बसून राहिला होता. मी घाई केली नाही. चहा मागवला. चहाचा कप हातात तसाच धरून तो रडायला लागला.

"काकांनी इचारलेलं, साहेब. जायच्या आदल्या संध्याकाळी. म्हणाले, फोनमधनं पोलिसांना आपलं घर कळतं काय रे?"

"मग तू काय म्हणालास?"

"मी मस्करी केली. बांधावरनं राग व्हताच मनात. म्हटलं, कळतं की. काय केलंत? आता येतील नि उचलून नेतील. ते हसले नायत. मला वाटलं, समजली असेल मस्करी."

महिला शिपाई लिहायची थांबली. "साहेब, तो फोन चालू करून बघू या," ती म्हणाली.

मुद्देमालातला फोन आणला, चार्जिंगला लावला. फोन उघडायची खूण पुतण्याला माहीत होती, कारण फोन वापरायला त्यानेच शिकवलं होतं. इंटरनेटचं पान उघडलं आणि खोलीत सायरन वाजला. दारातला अंमलदार दचकून आत आला. पडदाभर लाल रंग, वर आमच्या खात्याचं बोधचिन्ह आणि खाली मराठी मजकूर: 'तुमचा फोन बंद केला गेला आहे. तुम्ही अश्लील चित्र बघितल्याची गुन्हा नोंद आहे. अटकसाठी वॉरंट निघाला. फोन बंद करू नये. दंड भरा.' मागे एका पुरुषाचा करडा आवाज तेच तेच बोलत होता.

त्यातली भाषा मोडकी होती. आमच्या खात्यात कसंही मराठी लिहिलं जात असलं तरी वॉरंट 'निघाला' असं कुणी लिहीत नाही. पण घाबरलेला माणूस व्याकरण तपासत नाही.

शिपाईबाईंनी पान बंद केलं. त्यासाठी त्यांना एक बोट पुरलं.

"जाहिरातीच्या नावाखाली येतं हे, साहेब. एखादं साधं पान उघडलं की त्याच्यावर हे चढतं. बंद करायला फुली असते, ती इतकी बारीक की बोट भलतीकडे पडतं आणि दुसरं पान उघडतं. मध्येच कशाला तरी परवानगी मागतात, माणूस कंटाळून होय म्हणतो. मग फोन नुसता पडलेला असला तरी सूचना येत राहतात."

तशा सूचना आप्पांच्या फोनवर रांगेने होत्या. 'तुमचा पत्ता मिळाला आहे.' 'पथक निघाले आहे.' 'शेवटची संधी.' मधेमधे नागडी चित्रं. आणि या सगळ्याच्या आधी आप्पांनी स्वतः काय शोधलं होतं, तेही फोनमध्ये होतं. 'गुडघेदुखी बायको घरगुती उपाय.'

फोन कणगीत खुपसला होता तो आप्पांनीच, पथकाला घर सापडू नये म्हणून. दोन दिवस मी ज्या माणसाला शोधत होतो, तो माझ्यापासूनच पळत होता. माझी प्रत्येक जीप त्याच्यासाठी त्या फोनमधलं पथक होती.

मी सगळ्या गाड्या परत बोलावल्या. आप्पांच्या पत्नीला बोलावून फोन दाखवला. काही झाकलं नाही. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि सगळं बघितलं.

"एवढ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "मला बोलले असते तर?"

"आता ते कुठे जातील, तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी थोडा विचार केला. "दर थंडीत मला सवला नेतात, गरम पाण्यात पाय बुडवायला. मुंबई सोडली तर ओळखीची दुसरी जागा नाय त्यांना."

सवला आमची माणसं आधीच जाऊन आली होती. पण गणवेशात. या वेळी मी साध्या कपड्यात गेलो, बरोबर आप्पांची पत्नी आणि शिपाईबाई, त्याही साडीत. कुंडावर आंघोळीला आलेली माणसं होती. त्यांच्यापासून दूर, नदीच्या अंगाला, झाडीच्या आडोशाला आप्पा बसले होते. दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही. सावित्रीच्या पाण्याकडे बघत होते. काय विचार करत होते, ते मी पुढेही कधी विचारलं नाही.

पत्नी एकटीच पुढे गेली. मी मागे थांबलो.

"तू कशाला आलीस गो?" आप्पांचा आवाज आला. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. कपडे बदलले तरी पोलीस ओळखू येतो. ते उठले, माझ्यासमोर आले आणि बेड्या घालायला करतात तसे दोन्ही हात पुढे केले.

"इथनंच न्या, साहेब. वाडीत नका नेऊ. तेवढे उपकार करा."

"आप्पा, तुमच्यावर कसलाही गुन्हा नाही. ते पान खोटं आहे."

"फोनात शिक्का हाय तुमचा."

"शिक्का चोरलेला आहे."

त्यांचा विश्वास बसेना. इतके दिवस ज्याची वाट पाहत भ्यायचं, तो समोर उभा राहून काहीच नाही म्हणतो, हे त्यांना पटत नव्हतं. हात तसेच पुढे. शेवटी पत्नीने ते हात आपल्या हातात घेतले.

"मी बघितलाय फोन."

आप्पांनी मान खाली घातली. "चित्रं पण?"

"चित्रं पण. आणि तुम्ही माझ्या गुडघ्याचं काय शोधत व्हतात, ते पण. चला आता."

म्हातारा तिथेच खाली बसला आणि रडला. कुंडावरची माणसं बघत होती. शिपाईबाईंनी त्यांच्याकडे पाठ करून आडोसा केला.

गुन्हा आम्ही अज्ञात इसमांवर दाखल केला आणि तपास सायबर विभागाकडे पाठवला. ते पान परदेशातून कुठून तरी चालत होतं. चौकशीची पत्रं पोहोचेपर्यंत त्याचं नाव बदललं होतं. कुणालाही अटक झाली नाही. वाचकांना ते निराशाजनक वाटेल, पण जे घडलं ते असं आहे.

नंतर गावकीची बैठक होती. असल्या पानांबद्दल लोकांना समजावून सांगायला मी गेलो. कुणाचं नाव घेणार नाही, असं आप्पांना आधीच सांगून ठेवलं होतं. मी बोलायला सुरुवात केली आणि आप्पा उठून उभे राहिले.

"साहेब कुणाचं सांगतायत, तर माझं," ते म्हणाले, आणि सगळं सांगितलं. चित्रांसकट. कुणी हसलं नाही. पुतण्या भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता.

मग बायकांतून एक आवाज आला. "माझ्याकडे पण आलेलं. मी फोन पेटवलेल्या चुलीत टाकला. घरात सांगितलं, पाण्यात पडला." एक शिक्षक म्हणाले, मी महिनाभर फोन उघडलाच नाही, शाळेत सांगितलं बिघडलाय. एका तरुणाने बायकोपासून लपवायला नवं सिमकार्ड घेतलं होतं. एक आजोबा अशी जाहिरात आली की फोन पालथा घालून देवाचं नाव घेत बसायचे. एका वाडीत इतकी माणसं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त आपल्याच वाट्याला आलं. यातला एकही माणूस ठाण्याची पायरी चढला नव्हता. ठाणं बसने अर्ध्या तासावर.

पुढच्या नोकरीत हरवलेल्या माणसाची नोंद घेताना मी नातेवाइकांना एक प्रश्न हमखास विचारायचो: या माणसाला अलीकडे कशाची लाज वाटत होती? शत्रुत्व, व्यसन, प्रेमप्रकरण हे आपण विचारतोच. लाजेबद्दल कुणी विचारत नाही, आणि माणूस घर सोडतो तो पुष्कळदा तिच्यापायीच.

आणखी एक गोष्ट मला त्या प्रकरणाने शिकवली, ती आमच्याच खात्याबद्दल. त्या खोट्या पानाने आप्पांच्या मनात नवी भीती घातली नाही. ती आधीपासूनच तिथे होती. आयुष्यभर कायदा पाळलेल्या माणसाला पोलीस आपल्याला न विचारता, न ऐकता उचलून नेतील हे सहज खरं वाटलं, आणि 'हे काय आहे' असं ठाण्यात येऊन विचारावं हे एकदाही सुचलं नाही. ज्यांनी ते पान बनवलं त्यांना आमच्या लोकांचं मन आमच्यापेक्षा चांगलं कळलं होतं. आरोपी सापडला नाही याची खंत आता उरलेली नाही. निर्दोष माणसाने माझ्यापुढे हात केले ते मदतीसाठी नव्हे, बेड्यांसाठी, ती खंत मात्र आहे.