मास्तरांच्या बासरीची तीन उर्दू कात्रणं

सरळच लिहितो. आमच्या जिल्ह्यात एका मोठ्या कलावंताचा अपमान झाला, आणि तो करायला लागणारं हत्यार मीच घडवून दिलं होतं.

गंगाखेडच्या शाळेतले गणिताचे मास्तर बासरी वाजवत. मूळचे पालमकडचे, कोरडवाहू शेती करणाऱ्या घरातले. बासरी म्हणजे गुराख्याचा पावा नव्हे. चांगली लांब, जाड बांबूची, भोकं स्वतः पाडलेली. जुन्या गती, म्हणजे तालात बांधलेल्या रचना, त्यांना येतच होत्या, पण वाजवायचे ते स्वतः बांधलेल्या नव्या गती. हैदराबादेत तीनदा वाजवलं. तिन्ही वेळा तिथल्या उर्दू वर्तमानपत्रांनी अर्धा अर्धा रकाना तारीफ केली. ती तीन कात्रणं मास्तर लॉगरिदमच्या कोष्टकांच्या पुस्तकात ठेवत. मराठीत त्यांच्याबद्दल एक ओळ छापून आली नव्हती.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा परभणीत समारंभ ठरला. पुण्याहून पाहुणे येणार होते, आणि जिल्ह्यातल्या एका वादकाला तासभर मिळणार होता. अट एकच, वर्तमानपत्रांतले अभिप्राय दाखवा. मास्तरांना तो तास हवा होता. आपल्या भाषेच्या माणसांपुढं आपली गत एकदा पुरी वाजावी, एवढंच त्यांचं मागणं. मी चळवळीतला पत्रकं लिहिणारा, शाळा उर्दूतून झालेली; कात्रणांचं मराठी भाषांतर मीच केलं आणि त्यांना घेऊन समितीच्या अध्यक्षांकडं गेलो.

अध्यक्ष वकील. निजामाच्या कोर्टात यांनी वर्षानुवर्षं उर्दूत दावे चालवले. घाईत मी पहिलं कात्रण त्यांच्या हातात उलटं दिलं. त्यांनी ते सुलटं केलं. उजवीकडून डावीकडं नजर फिरवत पार खालच्या ओळीपर्यंत आले. मग चष्मा काढून म्हणाले, "आम्हाला ही लिपी कुठं वाचता येते?"

मी म्हणालो, "वकीलसाहेब, आत्ता तर तुम्ही..."

"येत नाही म्हटलं ना!"

"खाली भाषांतर आहे."

"केलं कोणी? तू? म्हणजे ही तुझीच स्तुती झाली. शिवाय उर्दू कागदाबद्दल तुझं मत आम्हाला ठाऊक आहे." त्यांनी खणातून एक पिवळं पत्रक काढलं आणि मोठ्यानं वाचलं. हैदराबादचे उर्दू कागद दरबाराचे भाट आहेत, त्यांच्या कौतुकाला मराठी माणसाने चुलीत घालावं, असं त्यात होतं. पत्रक माझंच. देवगाव फाट्यावर मोटारींच्या खिडक्यांतून मी स्वतः ते वाटलं होतं.

 मास्तर हसले. "लेका, चुलीत घाला म्हनून लिव्हायच्या आधी इचारायचं तरी. माझ्या घरात असले कागद तीनच होते."

वकीलसाहेबांनी मोठं मन दाखवलं. पाहुण्यांना हार घालताना मास्तरांनी मागं बसून पाच मिनिटं एखादं ओळखीचं भजन वाजवावं म्हणाले. "म्हणजे वातावरण निर्माण होतं."

मास्तरांनी कात्रणं उचलली, नमस्कार केला आणि बाहेर आले.

रस्त्यावर मी पेटलोच होतो. उद्याच पत्रक काढतो, मांडवासमोर निदर्शनं करतो, या वकिलाचे उर्दू दावे चौकात वाचतो. मास्तर ऐकत चालले होते. स्टेशनाजवळ थांबले.

"माझं नाव घालू नको त्यात."

"का? अन्याय तुमच्यावर झालाय!"

"तू माझी बासरी कवा ऐकलीस?"

ऐकली नव्हती. शाळेच्या कार्यक्रमात पाचेक मिनिटं कानावर पडली असेल, तेव्हाही मी मागं वर्गणीच्या पावत्या फाडत होतो. तारीफ तिन्हीच्या तिन्ही भाषांतरित करून बसलो आणि ज्याची तारीफ ते ऐकलंच नाही. वकिलापेक्षा मी कुठं चांगला?

"आता ऐकतो," म्हणालो.

गाडीला वेळ होता. मालधक्क्याच्या सावलीत त्यांनी साडेनऊ मात्रांची गत धरली. मी बोटांवर मोजायला लागलो आणि तिसऱ्या आवर्तनात चुकलो. खालचे सूर घसा बसलेल्या माणसानं हळू आवाजात खरं सांगावं तसे येत होते. मग ते श्वास घ्यायला थांबले. तो त्यांनी लपवला नाही. श्वासासकटच मात्रा पुरी झाली. हैदराबादच्या एका लेखकानं याच श्वासावर अख्खा परिच्छेद लिहिला होता. मी तो शब्दाला शब्द लावून मराठीत उतरवला होता आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तो माणूस भाट नव्हता. त्यानं कान देऊन ऐकलं होतं. दोन हमाल पोत्यावर बसून ऐकत होते, त्यांनी शेवटी नुसतं "लय भारी" म्हटलं. समितीत तेवढंही कोणी म्हणालं नाही.

समारंभाला मास्तर गेले नाहीत. पुण्याच्या वर्तमानपत्रात हार, भाषणं आणि मांडवाचं वर्णन आलं.

मी त्या आठवड्यात लिहायला बसलो. 'धिक्कार असो' हे मला झोपेतही लिहिता येतं. सुराबद्दल एक वाक्य जमेना. पत्रक निघालं नाही. लाज वाटायला हवी होती ती वकिलाला, पण वाटली मला. त्याचाही राग अजून आहे.

मास्तर अजून त्रैराशिक शिकवतात. साडेनऊ मात्रांची ती गत परभणी जिल्ह्यात मांडवाखाली एकदाही वाजलेली नाही. मराठीत या वादकाबद्दल छापलेली पहिली ओळ ही मीच लिहितोय, आणि चार वर्षं उशिरा लिहितोय.